उंट, हरीण, म्हैस आणि आखाजीचा मुहूर्त

२ एप्रिल, बुधवार

...म्हणून सीट हाईट हा मुद्दाच नाही. हे मी प्र.ला परत एकदा सांगितलं. कॉलेजची चार वर्षं एका रूमवर काढली, तरी प्रथमेशला अजून वाटतं की पाच फूट चार इंचाच्या माणसाने गपचूप स्कूटर चालवावी. अरे, एकच पाय टेकायचा असतो, दुसरा ब्रेकवर! तो हसत बसला. मागे ग्राइंडरचा आवाज. तो पुण्यात ज्या वर्कशॉपमध्ये काम करतो, तिथे अॅडव्हेंचर बाईकचे कॅरिअर आणि गार्ड बनवतात. तो दिवसभर ह्याच गाड्यांना हात लावतो. मी एरंडोलला बसून त्यांचे व्हिडिओ बघतो. बीई मेकॅनिकल दोघंही.

माझ्या यादीत फायनल तीन गाड्या. नावं भिलाभाऊने ठेवली. भिलाभाऊ आमच्याकडे सालाने कामाला आहे, आखाजी ते आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया ते अक्षय्य तृतीया, मी शाळेत होतो तेव्हापासून. लिंबाच्या बागेत फोटो दाखवले त्याला. साडेचारशे सीसीवाली बघून म्हणाला, हाऊ उंट. तीनशेनव्वदवाली, बारीक, टोकदार नाकाची: हरीण. अडीचशेची ट्विन, दोन सिलिंडरची, जाडी, शांत: म्हैस.

"मी तं म्हैस लेतू भो. दूध तरी देती."

४ एप्रिल, शुक्रवार

हो म्हणाले!!! प्र.च्या वर्कशॉपमध्ये अर्ज टाकला होता, त्याच्या सरांचा सकाळी फोन. पाच मेला जॉइन. काम काय, तर नवीन गाडी आली की तिची मापं घ्यायची, कॅरिअर बनवायचं, मग ती खराब रस्त्यावर नेऊन काय तुटतं ते बघायचं. ह्याचा पगार देतात लोकांना. मी फोन ठेवून दोन मिनिटं नुसता अंगणात फिरलो.

दुपारी नानांना, म्हणजे वडलांना, सांगितलं. दिवाळीत बांधावरून घसरले तेव्हापासून नाना खुर्चीवर बसून जेवतात, गुडघा वाकत नाही. आमची जुनी शंभर सीसी पण आता त्यांना किक मारून चालू होत नाही.

"नाना, पुण्याला नोकरी लागली."

भाकरी कुस्करत होते. "कसानी?"

"बाईकच्या कॅरिअरची."

"हं."

पूर्ण जेवले. हात धुताना, पाठ माझ्याकडे, म्हणाले, "गाडी ली ले तू. तुले जी आवडस ती. आखाजीले मुहूर्त शे."

आईने त्यांच्याकडे बघितलं. मी बघितलं नाही, मी उडालोच. सेकंड इयरपासून मागतोय!

पुण्याचं बोलणं राहिलं. उद्या बोलतो.

५ एप्रिल, शनिवार

बोललो नाही. दिवसभर तुलना.

उंट: खालून, कमी स्पीडलाच, ओढ जबरदस्त. वजन पण. स्पोकची चाकं, आत ट्यूब. आमच्या शिवारात बाभळीचे काटे. ट्यूब पंक्चर म्हणजे चाक उतरवा. एरंडोलच्या पंक्चरवाल्याला फोटो दाखवला, तो म्हणाला, "हे मी नाही उघडणार दादा, परत बसलं नाही तर तू मलाच धरशील."

हरीण: सगळ्यात हलकी, सगळ्यात पळणारी. सीट आकाशात. हळू चालवली की रुसते, असं सगळे रिव्ह्यूवाले म्हणतात.

म्हैस: कसलंच टेन्शन नाही. अलॉय, ट्यूबलेस, काटा निघाला की भोकात रबराची वात भरा आणि निघा. पण खालून गार्ड देऊन पण पोट टेकेल असं वाटतं. आणि तिच्याकडे बघून कोणी मान वळवणार नाही. हे लिहायला नको होतं, पण खरं आहे.

सगळे रिव्ह्यू लडाखचे. एकाने तरी काळ्या मातीत, एप्रिलच्या दुपारी, पहिल्या गिअरवर चालवून दाखवावी.

८ एप्रिल, मंगळवार

जळगाव. उंट चालवली.

शोरूमवाल्या पोराने आधी माझ्याकडे खालून वरपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "सर, लो सीटचा ऑप्शन आहे." मी म्हटलं, नॉर्मलवरच देतो का? दिली. टाचा हवेत, चवडे टेकतात. सिग्नलला डावीकडे उतार होता, तिथे एक सेकंद जीव गेला. सावरली.

पण चालताना!! पाळधीपर्यंत फोर लेन. हँडल धरलं की वाटतं गाडी तुम्हाला ओळखते. तिसऱ्या गिअरवर पार खाली आणली, तरी तक्रार नाही, डुगडुग डुगडुग करत परत उचलली. ऊन मात्र... थांबलं की फॅन सुरू होतो आणि सगळी गरम हवा उजव्या नडगीवर. पॅन्ट इस्त्री होत होती पायावर.

खरं सांगायचं तर जळगाव-एरंडोल हा रस्ता आता इतका चांगला झालाय की आमची शंभर सीसी पण आरामात जाते. घर ते शेत कच्चा रस्ता, तिथे पण जाते. गावात सगळे हेच म्हणतात मला. ऐकलंय. बास.

परत आल्यावर नानांनी एकच विचारलं. "पाय टेकतस का?"

"टेकतात."

१२ एप्रिल, शनिवार

धुळे. हरीण बघायला. नाना पण आले, गाडीचं निमित्त आणि अक्काचं घर. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण, देवपूरला दिलीय.

हरीण एकदम सुंदर आहे. बसलो तर दोन्ही पाय हवेत, खरंच, लहान पोरासारखे. शोरूमवाला म्हणाला, "सर, सवय होते." नाना बाजूला उभे, म्हणाले, "पायनी लांबी वाढस का सवयवरी?" शोरूममधले तिघं हसले. मी पण हसलो, काय करणार.

तरी चालवली. वेडी आहे गाडी. पण यू-टर्नला बंद पडली, पाडता पाडता वाचवली. गर्दीत, हळू, तिला चालायचंच नाही. हरणाला बैलासारखं चालवायला गेलं की हेच होणार. ती माझ्या आयुष्याची गाडी नाही. ती पुण्यापुढच्या घाटाची गाडी आहे.

पुढचं लिहायचं नव्हतं, लिहितो.

अक्काकडे जेवलो. शेवभाजी. तिच्या सासऱ्यांनी सहज विचारलं, "पुण्याला जातोय ऐकलं पोरगा?" मी तोंड उघडायच्या आत नाना बोलले, "नही हो. हाऊ आते घरनं देखी. गाडी बी ली दी राहिनू त्याले."

सासरे म्हणाले, वा वा.

म्हणजे असं आहे तर, मी घरचं बघायचं म्हणून गाडी.

आत अक्काने पकडलं. "बोलला का नाहीस रे?"

"तोंडात शेव होती."

"तुझ्या तोंडात लहानपणापासून काहीतरी असतंच."

एसटीत परत येताना नाना झोपले होते, डोकं माझ्या खांद्यावर. पारोळ्यापर्यंत मी हललो नाही.

१३ एप्रिल, रविवार

आठ दिवस मला गिफ्ट वाटत होतं.

म्हैस पारोळ्याच्या एका सरांकडे आहे, रायडर्सच्या ग्रुपवरची ओळख. त्यांनी एक दिवस दिली. मनात होतं नाही जायचं. गेलो. गाडी म्हटलं की माझे पाय आपोआप निघतात, हाच तर प्रॉब्लेम आहे.

शेतात नेली. छान. कुठेच अडकली नाही, कुठेच मजा पण नाही. पाटाच्या कडेने पोट एकदा घासलं.

मग आई म्हणाली, माले बी बसाड. आई साडीत, एका बाजूने बसणार. जमिनीवरून जमेचना. शेवटी मी गाडी ओट्याला लावली, ती ओट्यावरून बसली, एकदम राणीसारखी. पद्मालयाला गेलो, जंगलातला रस्ता, खाली-वर, आमच्याकडचं लडाख तेच. आईने एका हाताने माझा खांदा असा धरलेला की अजून दुखतोय. तिकडे पोचल्यावर, "आते उतरू कशी?" मंदिराच्या पायरीला लावली. येताना अक्काच्या मैत्रिणीकडे थांबायचं होतं, तिच्या घराला ओटाच नाही. आई गाडीवर बसूनच तिच्याशी बोलली, चहा पण गाडीवरच प्यायली.

हे कुठल्याच रिव्ह्यूत नाही. रिअल वर्ल्ड म्हणे! आमच्या रिअल वर्ल्डमध्ये पहिली टेस्ट ही: साडीतली बाई चढते का आणि उतरते का. तिन्ही फेल. म्हैस जरा कमी फेल.

१६ एप्रिल, बुधवार

उंट बुक केली.

मी केली. नानांनी नाही. नाना तर म्हणत होते म्हैस घे, आईला बरं. मीच भांडलो, टॉर्क, ग्राउंड क्लिअरन्स, पुढचं एकवीस इंची चाक, सगळं सांगितलं. ज्या दोरीने बांधणार आहेत ती कुठल्या रंगाची पाहिजे ह्यावर मी भांडून आलो.

शोरूमला नानांचे प्रश्न:

"मांगे पंप बसस का?"

"काका, टॉप बॉक्स बसतो."

"ते नही. फवाराना पंप. पाठवरला."

पोराने माझ्याकडे बघितलं. मी कॅटलॉगकडे.

मग साडी गार्ड. पोरगा म्हणाला ह्या गाडीला कोणी लावत नाही, सगळे डब्यातच ठेवतात. "बसाडा," नाना म्हणाले. आणि आईसाठी बाजूचा पाय ठेवायचा पाटा. तो ह्या गाडीला येतच नाही. "करी लिसूत," म्हणाले.

प्र.ला फोन केला. तो म्हणाला, "अबे भारी! मग गाडी घेऊनच ये पुण्याला."

मी म्हटलं, ती त्यासाठी नाहीये.

"म्हणजे?"

मी म्हटलं नंतर सांगतो.

१९ एप्रिल, शनिवार

खरं सांगू, आज मजा आली. आणि मजा आली ह्याचाच राग येतोय.

वेल्डिंगवाल्याकडे दिवस काढला. शोरूमने मापं घ्यायला डेमो गाडीजवळ बसू दिलं होतं, त्यावरून ड्रॉइंग काढलं. एकच कॅरिअर, त्यावर फवारणी पंप उभा बसेल, पंप काढला की त्याच पाइपवर प्रवासाची बॅग. आणि डावीकडे एक पाटा, घडी होणारा. आईचा पाय ठेवायला एक आणि चढायला एक, दोन पायऱ्या. ओट्याची गरज नाही. पायरीवर उभी राहिली तर वजन एका बाजूला जातं, म्हणून ती साइड स्टँडच्या बाजूलाच पाहिजे, हे कळायला अर्धा दिवस गेला. वेल्डिंगवाला म्हणाला, "इंजिनिअर, हे बरं काढलं तू. माझ्या बायकोला पण करून देतो."

फोटो प्र.ला पाठवला. त्याने त्याच्या सरांना दाखवला. सरांचा मला मेसेज, घडीची पायरी आपण विकू शकतो, लवकर ये.

म्हणजे मला पुण्याला न्यायला जे उपयोगी, ते मी इथे राहण्यासाठी बनवलं.

संध्याकाळी नाना कॅरिअर हातात धरून उलटंपालटं करून बघत होते. जोड दाबून बघितला.

२१ एप्रिल, सोमवार

आज बोलायचंच होतं. बागेत. नाना काठी टेकून उभे.

"नाना, ते पुण्याचं—"

"वरना वाफाले पानी पोचनं का, देख बरं."

गेलो. पोचलं होतं. परत आलो तर ते फोनवर कोणाशी तरी लिंबाच्या गाडीचं बोलत होते. मग जुनीला किक मारली आणि घरी.

उष्णता इतकी आहे की कुत्री पण ट्रॅक्टरखालून निघत नाहीत. घर, शेत, घर. फोनवर मोरोक्कोच्या वाळवंटाचा व्हिडिओ बघितला. तिकडे पण ऊनच आहे, पण ते लोक मुद्दाम जातात.

२४ एप्रिल, गुरुवार

भिलाभाऊ चालला.

आखाजी आली की नाना आणि तो दरवर्षी ओट्यावर बसतात, पुढच्या सालाचं बोलतात. दहा मिनिटांचं काम, त्यातली आठ मिनिटं तंबाखू. कपडे, धान्य, काय वाढवायचं, झालं. आज मी पण बसलो होतो. नाना सुरुवात करणार तेवढ्यात भिलाभाऊ म्हणाला,

"नाना, यंदा नही."

"काबरं?"

"पोऱ्या सुरतले बलाई राहिना."

नानांनी तंबाखू मळली, त्याला दिली, स्वतः घेतली. "बरं. आखाजीले जेवाले ये."

संपलं!! एवढंच! भिलाभाऊ उठला, फेटा नीट केला, गोठ्यातल्या म्हशीला पाणी पाजायला गेला. नाना रागावले पण नाहीत. इतकी वर्षं, आणि तीन शब्द.

मी दाराशी गाठलं त्याला. "भिलाभाऊ, इतकं सोपं असतं?"

तो हसला. "मनं साल सरनं भो. तुनं लागनं."

त्याचं साल संपलं, माझं लागलं. गंमत म्हणून बोलला. मला दिवसभर दुसरं काही ऐकू आलं नाही. त्याला वर्षातून एकदा विचारतात तरी, राहतोस का. मला कोणी विचारलं? गाडी दिली.

नाही, हे पण खोटं आहे. गाडी मी मागितली.

२७ एप्रिल, रविवार

आई सांजोऱ्या करत बसली होती, मी शेजारी रवा भाजत. (रवा मी चांगला भाजतो, कुणाला सांगत नाही.)

मी म्हटलं, "आई, मी पण म्हणू का, नाना, यंदा नही?"

आई हसली नाही. "म्हन ना."

"मग?"

"मंग काय. नाना म्हनतीन, बरं."

"खरंच?"

"भिलाले बी बरंच म्हननात ना? तुले पन म्हनतीन." सांजोरी तळणीत सोडली. "नाना कोनले आडावतस नही. तुना मोठा काकाले बी आडावं नही. तो गया नाशिकले, गयाच. मंग त्याना जागावर मी पाच वरीस बांधवर उभी ऱ्हायनू."



"गाडी कसाले घेतली मग?" मी विचारलं.

"तुनासाठे."

"थांबण्यासाठी ना?"

"ते तू त्यासले विचार. माले रवा जळाना वास येई राहिना."

खरंच जळला होता.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

सकाळी घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज. नानांनी पितरांची नावं घेतली, आजोबांच्या नावाला नेहमीसारखे थांबले. मग जळगावहून गाडी आणली. मी चालवत आणली, नाना मित्राच्या कारमध्ये मागे. पाळधीला थांबलो, ते खाली उतरून गाडीभोवती एक चक्कर मारून परत कारमध्ये बसले.

अंगणात उंट. हार, नारळ, चाकाखाली लिंबू, आमच्याच बागेचं. अक्का आली होती, तिचा पोरगा टाकीवर बसायला रडत होता. आईने पहिल्यांदा पायरी वापरली. एक, दोन, आणि बसली!! शेजारच्या दोघी बायका पण बसून बघून गेल्या. सगळ्या गल्लीत माझ्या गाडीची चर्चा टॉर्कवर नाही, पायरीवर.

ह्या गाडीला आता साडी गार्ड, पंपाचं कॅरिअर, दोन पायऱ्या, आणि हँडलला आईने बांधलेली काळी दोरी. पाहिली तेव्हा ती कुठलीही होती, आता ती आमच्या घरातली आहे. मी पण असाच झालो असेन, हळूहळू, एकेक नट घट्ट होत.

भिलाभाऊ जेवायला आला. आमरस, पुरणपोळी, खूप जेवला. पारावर लोकांचे पत्ते चालू होते, तिकडे जरा बसला. नवीन शर्टात होता, नानांनीच दिलेला, साल संपलं तरी. जाताना उंटाच्या टाकीवर हात फिरवला.

"भारी शे. पन दूध देत नही."

मी त्याला स्टँडवर सोडलं, त्याच गाडीवर. पहिली पिलियन राइड आईनंतर त्याचीच. सुरतची गाडी लागलेली होती. चढला आणि खिडकीतून एकदा हात. लगेच पुढे बघायला लागला.

परत येताना बायपासपर्यंत नेली. डावीकडे जळगाव, उजवीकडे धुळे. थोडा वेळ थांबलो. मग घरी, कारण अक्का वाट बघत होती, तिला पण बसायचं होतं.

नानांना बोललो नाही. आखाजीला कसं बोलणार.

१ मे, गुरुवार

आज पंप लावून शेतात गेलो. बसतो. एकदम फिट. काळ्या मातीत पहिल्या गिअरवर, मागे पंप, उंट एकदाही रुसली नाही. हा रिव्ह्यू मी लिहिला तर एकमेव असेल.

नवीन सालदार बघायला नाना दोन ठिकाणी फोन करत होते. दोन्हीकडे नाही. माझं नाव त्यात कुठे आलं नाही. मी बाजूलाच बसलो होतो, तरी.

प्र.: "तिकीट काढलं का?"

मी: "नाही."

प्र.: "गाडीने येतोयस का?"

मी: "नाही."

प्र.: "येतोयस का?"

फोन उलटा ठेवला. निळी खूण दिसली असेल त्याला.

हिशेब असा आहे. एसटीने गेलो तर गाडी अंगणात उभी राहील, नानांना ती चालवता येणार नाही, गुडघा वर जाणार नाही. रोज तिच्याकडे बघतील. गाडी घेऊन गेलो तर चोरी केल्यासारखं. आणि राहिलो तर... राहिलो तर सगळं नीट चालेल. हेच तर. काहीच वाईट होणार नाही. लिंबू निघतील, आई पद्मालयाला जाईल, आणि मी तिशीचा होईन.

२ मे, शुक्रवार

ही पानं फोटो काढून रायडर्सच्या ग्रुपवर टाकतोय. आपल्या ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं, ह्या तिघींपैकी गावाकडे खरी उपयोगाची कुठली. माझ्याकडे ह्यापेक्षा नीट उत्तर नाही. अक्षर घाण आहे, इंग्लिश मीडियम, समजून घ्या. काही पानं नव्हती टाकायची, पण मधली काढली तर गाडीचं पण अर्धंच कळतं.

आणि एक गोष्ट आजची, जिच्यासाठी टाकतोय.

संध्याकाळी चेनला तेल देत होतो. नाना खुर्ची घेऊन ओट्यावर येऊन बसले. मी ठरवलं होतं की आता बोलायचं, तेच तीन शब्द, चेन पुसून झाली की. खरंच ठरवलं होतं. चाक फिरवत होतो, पुसत होतो, परत तीच कडी पुसत होतो.

नानाच बोलले आधी.

"एक टाकीमा पुनाले पोचस का रे हाई?"

मी काय केलं असेल? मी वर पण बघितलं नाही. तोंडातून आपोआप निघालं, जसं शोरूमच्या पोराच्या तोंडातून निघतं. "पोचते ना. सतरा लिटरची टाकी आहे, हायवेला अठ्ठावीस धरा. थोडं उरतं पण."

"हं," नाना म्हणाले.

मी वर बघितलं तेव्हा ते उठत होते, एक हात भिंतीवर, गुडघा सरळ ठेवून. आत गेले. आईला म्हणाले, पाणी दे.

रविवारी निघालो तरच सोमवारी, पाच तारखेला, कामावर पोचतो. टाकी आज अर्धी आहे. मघापासून मी तेच वाक्य डोक्यात फिरवतोय. तो आवाज जा म्हणणारा होता का? की जाऊन परत येता येईल एवढ्यावरच पुणं आहे ना, एवढंच बघत होते? की एका शेतकऱ्याने नवीन गाडीबद्दल विचारलं, आणि बाकी सगळं माझंच?

तुमच्या वडलांनी असं विचारलं असतं, तर तुम्ही काय समजला असता?